व्याधाचा बल्ब

आमचा दादा सत्तावीस वर्षं तारांगणात लोकांना आकाश दाखवतोय. रोज चार खेळ. माईकवर तो बोलतो, हातातल्या टॉर्चने घुमटावर उजेडाचा बाण फिरवतो, आणि मी, त्याचा धाकटा भाऊ, मधल्या यंत्राची देखभाल करतो. लोकांना वाटतं, काय मजेचं काम! मजा कसली, डोंबलाची. तेच अंधारात बसणं, तीच शाळेची पोरं, तोच प्रश्न, "परग्रहावरचे लोक कधी दाखवणार?" दादा प्रत्येकाला नीट उत्तर देतो. मी केव्हाच हाकलून दिलं असतं.

त्या मंगळवारी दुपारच्या खेळाला मी आत बसलो. एरवी त्या वेळी मागच्या खोलीत डबा खाऊन डुलकी काढतो, पण तिथे रंगकाम चाललं होतं आणि वासाने डोकं उठलं होतं.

दादा मृगापर्यंत आला. "हे ओळीतले तीन तारे. त्याच रेषेत खाली या. हा बघा व्याध! रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. कसा लखलखतोय!"

बाण बरोबर जागी जाऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं, नुसता काळोख. दीडशे माणसं म्हणाली, "अहाहा!"

कपाळ माझं! बाकीचे तारे एका मोठ्या दिव्यातून पडतात, व्याधाला मात्र स्वतःचा वेगळा बल्ब आहे. तो गेला होता. रोज सकाळी सगळे दिवे लावून बघायचं काम माझं. गेले दहा-बारा दिवस मी कंटाळून वहीत नुसतं 'ठीक' लिहीत होतो.

खेळ संपल्यावर मी म्हणालो, "दादा, व्याध विझलाय."

"कधीपासून?"

"दहा-बारा दिवस झाले असतील."

"आणि कोणी बोललं नाही?"

"लोक काय, मूग गिळून बसतात. पण तुला कसं दिसलं नाही?"

तो खुर्चीत बसला. "दोन वर्षं झाली, अंधारात दिसत नाही मला. हात सवयीने जातो."

मी भडकलो. "दोन वर्षं! सख्ख्या भावाला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस, सकाळी दिवे बघत नाहीस ते?"

झालं, तेरी भी चूप, मेरी भी चूप. तारांगणाचे साहेब तसेही दादाऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज लावायच्या गोष्टी करतात. त्यांना हे कळलं तर दादा उद्याच घरी. आणि घरी बसून हा माणूस करणार काय? त्याला ना पत्ते येतात, ना वहिनीशी भांडता येतं.

मी बल्ब बदलला. चारच्या खेळाला दादाने टॉर्च माझ्या हातात दिली. "तू दाखव. मी बोलतो."

माझा बाण दारू प्यायल्यासारखा भरकटत होता. दादा माझ्यासाठी थांबून थांबून बोलला. व्याधापाशी आलो तेव्हा त्याने माईकवर तळहात ठेवला आणि हळूच विचारलं, "आहे?"

"आहे."

हात काढून तो लोकांना म्हणाला, "कसा लखलखतोय!"

आता तो दिवसातून चारदा विचारतो, मी चारदा सांगतो. सकाळचे दिवे मी एकही दिवस चुकवत नाही. मी खोटं बोललो तर त्याला कळायचं नाही, म्हणून.