बंकटमामांनी धरलेली जागा

बीडकडच्या पालीजवळच्या वस्तीवर कुणाला समुद्रातल्या मोठ्या जहाजावर, म्हणजे क्रूझवर, जायचं असेल तर त्यानं आधी बंकटमामांना भेटावं. आजवर कुणी भेटलेलं नाही, कारण कुणी निघालेलंच नाही. पण मामांची तयारी आहे. शेळ्या लिंबाखाली बसल्या की ते वाटेवरच्या माणसाला थांबवतात, "जहाजावर जायचं हाय का?" म्हणून विचारतात, आणि तो "न्हाई" म्हणाला तरी सल्ला देतात. दूध गोळा करायला येणाऱ्या प्रवीणला तर पाठच झालंय: मोठी बॅग बंदरावरच ठेवून घेतात, ती संध्याकाळपर्यंत हाताला लागत नाही, म्हणून गोळ्या, चष्मा आणि एक जोडी कपडे लहान पिशवीत ठेवावेत. प्रवीणनं अजून समुद्र पाहिलेला नाही. चष्मा मात्र तो लहान पिशवीत ठेवायला लागलाय.

हे सगळं ज्ञान मामांनी चार दिवसांत मिळवलं. त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, विचाराल तर त्या म्हणतील, त्या ज्ञानापायी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

बंकटमामा म्हणजे पंचावन्न वर्षं, त्रेचाळीस शेळ्या आणि एक तोंड. शेळ्या दुपारच्याला तरी थांबतात. तोंडाला तशी सोय नाही. पाऊस कुठं पडेल, शेजाऱ्याची मोटार कशानं जळाली, टीव्हीवरच्या बातमीत बाई काय चुकीचं बोलली, या सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं आणि ते गरम गरम वाढलं जातं. दुसरी खोड मोजण्याची. शेळ्या सोडताना मोजायच्या, पाण्यावर मोजायच्या, कोंडताना मोजायच्या. एकदा पुतण्याच्या लग्नात त्यांनी वरात मोजली होती आणि दोन वऱ्हाडी कमी भरले म्हणून नवरदेवाची गाडी अडवून धरली होती.

लग्न झाल्यावर सत्यभामाबाईंनी समुद्र बघायची इच्छा सांगितली. त्यांचं माहेर आष्टीकडचं, तिथं विहिरीचा तळसुद्धा बहुतेक कोरडाच दिसायचा. मामांनी नव्या नवरीला पालीच्या तलावावर नेलं आणि सांगितलं, "समुद्र असाच असतो. जरा मोठा आन् खारट, यवढाच फरक." त्यावर तीस वर्षं भागलं. मग लेक मोहिनी पुण्याला नर्स झाली आणि तिनं आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई-गोवा-मुंबई अशा जहाजाची तिकिटं काढली. तीन रात्री, चार दिवस.

मामा आधी नाहीच म्हणाले. शेळ्या कोण बघणार? धाकटा भाऊ अंगद म्हणाला, मी बघतो. मग मामांनी शेळ्यांच्या स्वभावावर अंगदला दोन दिवस शिकवणी दिली. अंगद त्याच शेळ्यांमध्ये लहानाचा मोठा झाला होता, पण तो गप ऐकत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना सत्यभामाबाई म्हणाल्या, "आवं, मला तिथलं काई नको. फकस्त एक करा. दिवस मावळताना माझ्या शेजारी गप बसा. एकदा."

"त्यात काय यवढं?"

"तीस वर्षं झाली, दिवस मावळताना आपण बसलोत का कदी? तुमी शेळ्या कोंडता, मी पिल्लं पाजते. आन् ते झालं की तुमी बोलत बसता. मला एक डाव समुद्रात दिवस मावळताना बघायचाय. तुमी शेजारी पायजेत. पण मुक्यानं."

"तीन संध्याकाळी हायत की! तिन्ही बसतो," मामा म्हणाले. मागितल्यापेक्षा जास्त कबूल करायचं, हा त्यांचा आणखी एक गुण.

सल्ले द्यायला गावातला गहिनीनाथ आला. तो एकदा सहलीला जाऊन पायडल मारायच्या बदकाच्या होडीत बसून आला होता, त्यामुळे जलप्रवासात त्याचा शब्द शेवटचा.

"बंकट, पोटऱ्यांना तेल लाव. पायडल लई जड जातं."

"का म्हून रे? त्याला इंजिन असतंय."

"असंल. पण मधीच बंद पडलं तर? आन् खोली मधली घे, कडंची घेऊ नको. मधी हालत न्हाई. खिशात लिंबू ठेव."

यातली खोलीची आणि लिंबाची गोष्ट बरोबर निघाली, हे मामा आजही कबूल करत नाहीत. तेल मात्र त्यांनी लावलं होतं.

मुंबईच्या बंदरावर पहिला घोटाळा झाला. एक गणवेशातला माणूस हसत आला आणि त्यानं बॅगेला हात घातला. बीडच्या स्टँडवर असं कुणी केलं असतं तर लोक जमले असते. मामांनी बॅग छातीशी धरली. तो म्हणाला, खोलीत पोचेल. मामा म्हणाले, मी पण तिथंच चाललोय, संगंच जाऊ. शेवटी सत्यभामाबाईंनी बॅग सोडवली. पुढं तपासणीत दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. घरचं शिजवलेलं आत नेता येत नाही. तपासणाऱ्या पोरीनं ठेच्याचा डबा उघडला, वास घेतला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि डबा अदबीनं बाजूला ठेवला. मग गळ्यात एकेक कार्ड आलं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र. "बिल्लाच की हा," मामा खूश झाले. "हरवलो तरी आणून सोडतील."

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना एका जागी बोलावतात. संकट आलं तर कुठं जमायचं, जाकीट कसं घालायचं, हे दाखवतात. नवख्यानं हे टाळू नये. मामा तर सगळ्यांत पुढं उभे राहिले. जाकीट दाखवून झालं, लोक पांगायला लागले, सूर्य कलला. सत्यभामाबाईंनी पदर सावरून विचारलं, "चला आता?"

"थांब. एक कमी हाय."

"काय?"

"आपल्या घोळक्यात मगाशी बावन्न होते, जहाजावर चढताना. आता एक्कावन्न. ते पांढऱ्या कपड्यातले, गेवराईकडचे सुंदरराव, ते न्हाईत."

सुंदरराव हे जमीनदार गृहस्थ, पंचायत समितीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडं उभे राहिलेले आणि काही ठिकाणी निवडूनही आलेले. बंदरावर बीडची बोली कानावर पडताच त्यांनी मामांशी ओळख काढली होती. मामा त्यांना शोधायला निघाले. तीन मजले वर, दोन मजले खाली, एकदा चुकून बायकांच्या केस कापायच्या दुकानात. सुंदरराव सापडले ते त्यांच्या खोलीत, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, खुर्चीवर बसलेले.

"आवं, खाली सगळ्यांला बोलावलं व्हतं!"

"ऐकलं मी," सुंदरराव म्हणाले. "पण कार्यक्रम म्हणल्यावर कुणीतरी न्यायला येतंय ना? आपण आपलं कसं जायचं?"

मामा त्यांना घेऊन खाली आले, जहाजाच्या माणसांनी सुंदररावांना एकट्याला पुन्हा जाकीट घालून दाखवलं, तोवर बाहेर अंधार पडला होता. सत्यभामाबाई कठड्याशी एकट्याच उभ्या होत्या.

"मावळला?" मामांनी विचारलं.

"थांब म्हणलं होतं त्याला. न्हाई ऐकलं."

दुसरा दिवस गोव्यात गेला. पहिल्यांदा जाणाऱ्यानं परत यायची वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण जहाज एसटी नाही, कंडक्टरच्या ओळखीवर थांबत नाही. हेही मामांचंच. ते वेळेच्या दोन तास आधी परतले. संध्याकाळी बाई खुर्चीवर बसल्या, शेजारची खुर्ची पुसून ठेवली, आणि मामा येतच होते, तेवढ्यात सुंदररावांनी गाठलं.

"बंकट, फेटा बांधता येतो का रे?"

आता मामांना काही येतं का, असं विचारणं म्हणजे उताराला लावलेल्या गाडीला धक्का देणं. "येतो म्हंजे? लग्नात साठ साठ बांधलेत."

"जहाजाच्या मुख्य माणसाचा सत्कार राहिलाय. दोन दिवस झाले, आपण त्यांचं खातोय. जिल्ह्याची इज्जत हाय."

सुंदरराव घराबाहेर पडताना औषधं विसरतील, पण दोन फेटे आणि एक शाल विसरत नाहीत. नारळ तपासणीत गेला होता, म्हणून जेवणाच्या टेबलावरचं अननस घेतलं. राहता राहिला मुख्य माणूस. पांढऱ्या कपड्यातले पुष्कळ होते. मामांनी कळपावरून नजर फिरवावी तशी फिरवली आणि निकाल दिला, "सगळ्यांत उंच टोपी ज्याची, तो म्होरक्या."

दोघांनी मिळून त्या माणसाची उंच टोपी उतरवली, फेटा बांधला, शाल घातली, अननस हातात दिलं. सुंदरराव आठ मिनिटं बोलले. जहाज इतकं सुरक्षित चालवल्याबद्दल त्यांनी आभार मानले. तो मुख्य आचारी होता. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. बावीस वर्षं तो जहाजावर होता, लोकांनी त्याला मीठ कमी आहे याशिवाय काही सांगितलं नव्हतं. त्यानं दोघांना हाताला धरून आपलं सबंध स्वयंपाकघर दाखवलं, एकेक फ्रिज उघडून. मामा बाहेर आले तेव्हा आकाशात चांदण्या होत्या.

सत्यभामाबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या शेवटची."

तिसऱ्या दिवशी जहाज मुंबईकडं परत फिरलं होतं आणि मामा निश्चयानं उठले. सकाळी दहालाच त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा त्यांनी समुद्रालाही लागू केला. नाश्ता करून परत आले तर टॉवेल धुवायला गेले होते आणि खुर्च्यांवर दिल्लीचं एक कुटुंब झोपलं होतं. तेव्हा ध्यानात ठेवा: जहाजावर टॉवेलानं जागा धरता येत नाही, देहानंच धरावी लागते.

दीड वाजता मामांना नवी जागा सापडली. कठड्याला लागून दोन खुर्च्या, समोर सगळा समुद्र, आणि आसपास चिटपाखरू नाही. ऊन नुकतंच तिथून हटत होतं. मामा बसले आणि बघता बघता मस्त सावली आली. 'अशी गार जागा सोडून हे लोक तिकडं उन्हात कशाला पडलेत?' त्यांना शहरी माणसांच्या अकलेची कीव आली.

मग त्यांनी ती जागा राखली. दोन वाजले, तीन वाजले. खाली जेवण होतं, गेले नाहीत. पोरं पाण्यात खेळत होती, बघायला गेले नाहीत. पिवळ्या गणवेशातला एक माणूस खेळायला बोलावून गेला. दोनदा निसर्गानं बोलावलं, त्यालाही नाही म्हटलं. चारला सुंदरराव आले.

"बंकट, चल, पत्ते मांडलेत."

मामांनी मान हलवली.

"तोंड दुखतंय का?"

मामांनी पुन्हा मान हलवली. संध्याकाळी गप बसायचं होतं, त्याची तालीम चालली होती.

सहा वाजता सत्यभामाबाई नवं इरकल लुगडं नेसून, दोन हातांत दोन कप चहा घेऊन आल्या. मामा उठून उभे राहिले, लगेच खाली बसले, न जाणो जागा जायची.

"बघ!" ते म्हणाले. "दीडपासून धरलीये. एक माणूस न्हाई. सगळा समुद्र आपला."

बाईंनी समुद्राकडं बघितलं. पाण्यावर जहाजाचीच लांबच लांब सावली पडली होती, पार लांब किनाऱ्याच्या काळ्या रेघेकडं गेलेली. तीस वर्षं शेळ्या राखणाऱ्याच्या घरात काढलेल्या बाईला सावलीची दिशा कुणी सांगावी लागत नाही. तरी त्या कप ठेवून शेजारी बसल्या.

थोड्या वेळानं जहाजाच्या दुसऱ्या अंगाकडून कालवा ऐकू आला. शिट्ट्या, पोरांची ओरड, "फोटो काढ, फोटो काढ". मामांनी मान वळवून मागं बघितलं. दोन्ही अंगांमधल्या वाटेतून तिकडचं आकाश लालबुंद दिसत होतं आणि त्याच्यासमोर माणसांच्या पाठी, भिंतीसारख्या.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मी सावली बघितली," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारच्याला सावली असंल तिथं बसायचं. जनम गेला त्यात."

"संग शेळ्या असत्या तर बराबर होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"ऊठ, ऊठ. पळत जाऊ. अजून थोडा असंल."

"बसा."

"आगं, पण शेवटची संध्याकाळ..."

"बसा म्हणते ना. दिवस काय, आपल्या तलावामागं रोज मावळतोय. कवाबी बघंन मी. तुमी गप बसलेले कवा दिसणार?"

मामा बसले. समोरचं पाणी निळ्याचं जांभळं होत होतं. "मंग मी आता..."

"न्हाई."

बंकटमामा गप बसले. चहा निवला, संपला, तरी गप बसले. पलीकडच्या अंगाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांचं तोंड उघडलं होतं. पण सत्यभामाबाईंनी पाण्यावरची नजर न काढता त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि ते मिटलं.