विमान उतरलं की निघू

इंदूरच्या आत्या वारल्या त्या दिवशी आतेभावाचा फोन सकाळी सातला आला. "दादा, आई गेली. दिवस मावळायच्या आत न्यायचंय." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेराहून येते. वडील नाहीत, चुलते ऐंशीचे. म्हणजे माहेर म्हणून उरलो मी. पन्नाशी उलटलेलं, गुडघ्याला पट्टा बांधलेलं माहेर.

मोटारीने इंदूर आठ तास, आणि साडी घेऊन निघेपर्यंतच दहा वाजणार; पोचता पोचता दिवस मावळणार. ओझरहून मात्र दुपारी विमान होतं. मुलीने मोबाइलवर तिकीट काढलं, बायकोने दुकान उघडायला लावून साडी आणली.

आता आमच्या सायखेड्याला विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. ते मळ्यावरून खाली उतरत जातं आणि टोमॅटो खुडणाऱ्या बाया मान वर न करता म्हणतात, आलं. म्हणूनच बायको म्हणाली, "अहो, निघा आता," तेव्हा चुलते ओट्यावरून म्हणाले, "कुठं? इमान अजून आलं नाय. आल्यावर मानसं उतरतील, झाडझूड हुईल, मंग भरतील. तवर तिथं उभं ऱ्हाऊन काय करायचं?"

मला ते पटलं. उभ्या जन्मात एसटी मी अशीच पकडत आलो. गाडी गावात शिरलेली दिसली की चहा संपवायचा. ती टोकापर्यंत जाऊन वळून येतेच. मी बी.कॉम. आहे, हेही इथे सांगून टाकतो.

विमान डोक्यावरून गेलं. चुलते म्हणाले, "ऊठ." तेही गाडीत बसले. बहिणीची साडी विमानतळाच्या दारापर्यंत तरी पोचवू म्हणाले.

विमानतळाच्या दारातल्या पोलिसाने तिकीट पाहिलं. "काका, काउंटर केव्हाच बंद झाला."

"पण विमान तर आत्ता आलं. आम्ही बघूनच निघालो."

तो हसला नाही. त्याचे उपकार आहेत. "बघून नाही निघायचं, काका."

चुलत्यांनी पिशवी पुढे केली. "पोरा, मयताची साडी हाय. यवढी तरी आत दे कुनाजवळ."

"बाबा, अनोळखी पिशवी कुणी नाही घेणार."

आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. विमान उठलं तसं मी आतेभावाला फोन लावला. "चुकलं रे. गाडीने निघतो. थांबवता येईल?"

"ये तू. पण थांबवता नाही येणार. साडीची काळजी करू नको. तुझ्या लग्नातली मानाची साडी आईनं कपाटात वेगळी ठेवलेली. कधी नेसलीच नाही. म्हणायची, माझ्या माहेरचे येतील, पण उशिरा येतील. त्यांना कुणी बोलायचं नाही."

चुलतेही घरी न परतता तसेच इंदूरला निघाले. पिंपळगाव मागे पडेपर्यंत मी त्यांना हे सांगितलं नाही. मग सांगितलं. त्या लग्नात माझंच लक्ष नव्हतं, साडी कसली होती ते मला काही केल्या आठवेना.

चुलते खिडकीबाहेर बघत होते. "अंजिरी," ते म्हणाले. "येवल्याहून मीच आनली हुती. म्हनली, भाऊ, लय भारी हाय, ठिवून देते."

ऊन उतरायला लागलं होतं, आणि आम्ही अजून चांदवडच्या घाटातच होतो.