उजवी पाकळी

आमच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक मी एकटाच. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या शर्यती, सगळ्यांचे संघ कागदावर वेगवेगळे असले तरी मुली त्याच बारा. शाळेची पटसंख्या दरवर्षी घटते आहे, त्यामुळे निवड चाचणी घ्यायचं मी कधीच सोडून दिलं आहे. जी हो म्हणेल ती संघात. जून महिन्यात ऑनलाइन अर्ज भरताना एकच नाव चार खेळांत टाकताना हाताला कंटाळा येतो. बावीस वर्षं मी हे करतो आहे.

मागच्या वर्षीच्या मुलींच्या कबड्डी संघाबद्दल मला लिहायचं आहे. खरं म्हणजे एका मुलीबद्दल, आणि मी तिच्या वडिलांना जे सांगितलं नाही त्याबद्दल.

पावसाळ्यात आमच्या शाळेचं मैदान निरुपयोगी असतं. खाली जांभा दगड, वर शेवाळ. सप्टेंबरपर्यंत तिथे नीट चालताही येत नाही. म्हणून देवबागेच्या बाजूला, खाडीकडच्या रेतीत आम्ही सराव करतो. काठीने रेषा ओढायच्या आणि लाटेने किंवा पावसाने पुसल्या की परत ओढायच्या. या सरावावर आमच्या शिपाईमामांचं एक ठाम मत होतं. ते छत्री घेऊन उपड्या होडीवर बसायचे आणि दर दोन दिवसांनी मला ऐकवायचे, "सर, रेतीत पडला तर कोणाक लागना नाय. म्हणान ह्या पोरींका पडाची भीतीच रवली नाय." मी त्याला कौतुक समजत होतो.

त्या बारा जणींत दहावीतली एक मुलगी होती. वडील मच्छीमार, घर किनाऱ्यालाच. चढाईला गेली की ती रेतीत रुतलेला पाय पूर्ण ताकदीने उपटून वळायची आणि समोरच्या चौघींना काही कळायच्या आत परत यायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. हे ती कोणालाही सांगायची, अगदी न विचारता. सकाळी शाळेच्या आधी किनाऱ्यावरून एकटी धावायची आणि वर्गात पहिल्या तासाला पेंगायची. मराठीच्या बाई याबद्दल माझ्याकडे तक्रार करत आणि मी ती मुलीपर्यंत पोचवत नसे.

तालुक्याला आम्ही जिंकलो. त्याआधीही दोनदा जिंकलो होतो, त्याचं विशेष काही वाटलं नाही. गणपतीत आठवडाभर एकही मुलगी सरावाला आली नाही, आणि मी बोलावलंही नाही. या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाला कामाला बोलावत नाही. मग ओरोसला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या आणि तिथेही आम्ही जिंकलो. हे मात्र माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं. आता विभागीय स्पर्धा, म्हणजे कोल्हापूर.

ओरोसच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला तिचा उजवा गुडघा मुरगळला. टाळ्या चालू असताना ती एका पायावर उभी होती. दुसऱ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघा सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला आणि सांगितलं की आतला स्नायुबंध दुखावलेला वाटतो, एमआरआय काढून घ्या, तोपर्यंत खेळ पूर्ण बंद. मी मान हलवली. बाहेर आल्यावर, रिक्षात बसायच्या आधी ती म्हणाली, "सर, बाबांक सांगू नकात. ते माका खेळूक सोडूचे नाय."

मी नंतर स्वतःशी किती वेळा म्हटलं की तिनेच मला गप्प केलं. पण ती पंधरा वर्षांची होती आणि मी एकोणपन्नास. तिने विनवलं नसतं तरी मी काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी इतर शाळांच्या शिक्षकांकडून कोल्हापूरच्या गोष्टी ऐकत आलो होतो.

तिच्या घरी मी सांगितलं की थोडी सूज आहे, आठ-दहा दिवसांत उतरेल; एमआरआयचं नावही काढलं नाही. सूज उतरलीही. ती चालायला लागली, हळू धावायलाही लागली. मी गुडघ्याला पट्टा आणून दिला. पण वडिलांचं समाधान होत नव्हतं. एका संध्याकाळी ते शाळेत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "माका खेळातला काय एक कळना नाय. देवाक विचारूया."

आमच्याकडे यात नवल काही नाही. लग्न, घराचा पाया, नवीन होडी, कशासाठीही लोक गावच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शास्त्राचा पदवीधर आहे, पण लहानपणापासून त्या पाकळ्यांकडे पाहताना माझाही श्वास अडकतो.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. वडील, ती आणि मी. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि देवाला काय विचारू, असं वडिलांकडे पाहून म्हणाला. वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "सर सांगतले. खेळातला तेंकाच म्हायत."

तिघेही माझ्याकडे बघत होते. दुखऱ्या पायाने ही मुलगी खेळली तर चालेल का, असा प्रश्न होता. त्यासाठीच तिचे वडील धंद्यावर न जाता तिथे उभे होते. मी गुरवाला म्हणालो, संघाला यश येईल का ते विचारा.

गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हायस्कुलाची पोरां कोल्हापुराक खेळाक जातत. तेंका येस येवचा आसात तर उजवी दी." आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणालो. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी घसरली आणि पडली.

वडिलांचा चेहरा उजळला. त्यांच्या दृष्टीने देवाने पायाचंही उत्तर दिलं होतं. बाहेर चपला घालताना मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि मी नजर वळवून शिपाईमामांना फोन लावला, गाडीचं बघा म्हणून.

नोव्हेंबरमध्ये आम्ही निघालो. तळेऱ्याला चहा प्यायलो आणि पुढे घाटात अर्ध्या मुलींना गाडी लागली. शिपाईमामा मागे वळून एकेकीला चिडवत होते की समुद्रात होडीवर डोलणारी ही माणसं आणि चार वळणांत आडवी. तीही हसत होती. पट्टा तिने पिशवीत ठेवला होता. कोल्हापूरला गेल्यावर कळलं की मॅटवर बुटांशिवाय उतरता येणार नाही. आमच्या मुली आयुष्यभर अनवाणी खेळलेल्या. तिला दुसऱ्या शाळेच्या एका मुलीचे बूट मागून आणले.

पहिला सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. म्हणजे देवाने सांगितलेलं यश आलं. दुसऱ्या सामन्यात ती चढाईला गेली, तिने रेतीत उपटायची तसा पाय उपटून अंग वळवलं, आणि अंग वळलं तरी बूट मॅटला धरून राहिला. मी रेषेच्या बाहेर दहा पावलांवर होतो. ती मॅटवर कोसळली. गुडघा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिली.

गोव्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले की चालेल, जिने चढेल, पण भरतीसाठी धावायचं विसरा. दहावीची परीक्षा तिने पाय समोरच्या बाकावर ठेवून दिली. क्रीडागुणांचा प्रस्ताव मी वेळेत पाठवला. तेवढं माझं काम मी चोख केलं.

वडील माझ्यावर एका शब्दानेही रागावले नाहीत. ते स्वतःवर उलटले. देवाने होकार दिला आणि तरी असं झालं, याचा अर्थ घराण्याकडून देवाचं काहीतरी राहिलं असणार, असं त्यांनी धरलं. देवाला दर वर्षी द्यायचं, पण राहून गेलेलं वार्षिक शोधून काढलं, नारळ दिले, सोमवार धरले. मलाही बोलावलं. "आमचाच खंय तरी चुकला आसतला, सर. देव उगाच असा करूचो नाय," असं मला म्हणाले आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मी तो खाल्ला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मी असाच काढला. शाळेच्या स्नेहसंमेलनात जिल्हा विजेत्या संघाचा प्रशिक्षक म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा ते शेवटच्या ओळीत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी घरी काय सांगितलं, आणि देवळात काय विचारायचं होतं आणि मी काय विचारायला लावलं. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाले, "म्हणजे देव खोटा बोलाक नाय."

मला वाटलं होतं ते मला हाकलतील. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघणं मला त्यांनी हाकललं असतं त्यापेक्षा जड गेलं.

मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिका म्हायत होता?"

मी होय म्हणालो. म्हणालो की ती मूल आहे, नको म्हणायचं काम माझं होतं. त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून बघितली आणि आत हाक मारली, "गो, सरांका च्या दी." त्यानंतर माझ्याशी ते बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. वाटेत भेटले तर बाजूने जातात, आणि ते बरोबरच आहे.

चहा तिने आणला. पाय किंचित ओढत. तिने आतून सगळं ऐकलं होतं. फाटकापर्यंत माझ्यासोबत आली आणि म्हणाली, "सर, औंदा पोरींका रेतीर खेळवू नकात."

"मगे खंय खेळवू?" मी विचारलं.

तिने फाटकाची कडी लावली. जूनमध्ये मैदानावर शेवाळ आलं, मी अर्ज भरले, या वर्षी अकराच मुली जमल्या. काठी घेऊन मी खाडीकडे गेलो आणि रेषा ओढल्या. कोणी पडली की मी खेळ थांबवतो, जवळ जाऊन गुडघा हातात धरून बघतो. मुली वैतागतात. म्हणतात, सर, काय झाला नाय हो. मी तरीही बघतो, आणि मग त्यांना परत खेळायला सोडतो.