गाळलेल्या अकरा अटी

छापखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. अठरा वर्षं ती शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर जुळवत होती. एक वेलांटी चुकली तरी तिला घास गोड लागत नसे. गणिताशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. ती चिन्हं चित्रासारखी बघून उतरवायची.

एका वयस्कर मास्तरांनी लिहिलेल्या बीजगणिताच्या पुस्तकातली उत्तरं एका पानात मावेनात. मॅनेजरने बजावलं, काहीही कर, पण पान वाढवू नकोस. अकरा उत्तरांखाली एकेक शेपूट होतं: ‘x ≠ 3’, ‘x ≠ −2’. उत्तर तर वर आलंच आहे, असं समजून अक्काने ती शेपटं छाटली. मास्तरांच्या डोळ्याचं तेव्हा ऑपरेशन झालेलं. शेवटचं प्रूफ त्यांनी पाहिलंच नाही.

वर्षभराने भाची राहायला आली ती तेच पुस्तक घेऊन. ती सांगत होती, शाळेतल्या बाई म्हणतात, यातल्या उत्तरांवर जाऊ नका, लिहिणाऱ्याचं वय झालंय. असं काय चुकलंय, अक्काने विचारलं.

भाचीने वहीत वर x² − 9 लिहिलं, खाली x − 3. वरच्याचे अवयव पाडले, वरखाली सारखं होतं ते काटलं. उरलं x + 3.

“यात तीन घाल, मावशी. सहा येतात. आता मूळ प्रश्नात घाल. खाली शून्य येतं, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून तीन चालणार नाही, असं लिहावंच लागतं. काटलं म्हणून अट जात नाही.”

आपण छाटलेली शेपटं म्हणजे याच अटी होत्या, हे अक्काला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात पडून असलेलं हस्तलिखित घेऊन तिने मास्तरांचं घर गाठलं. दोन शाळांनी पुस्तक बंद केल्याचं तिथे कळलं. आपल्याच हातून अटी राहिल्या असं धरून मास्तरांनी लिहिणं सोडलं होतं.

“तुम्ही लिहिल्या होत्या,” पान पुढे करत ती म्हणाली. “मी काढल्या. पानात बसत नव्हत्या.”

मास्तरांनी चष्मा पुसून ते पान वाचलं.

“वर्षभर मी स्वतःवरच संशय घेत होतो गं. मला एकदा विचारायचं होतंस.”

उरलेल्या चारशे प्रतींत अक्काने स्वतः दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या शाळा परत फिरल्या नाहीत. मास्तर पुन्हा लिहू लागले, पण पुस्तक दुसऱ्या छापखान्यात दिलं. रस्त्यात दिसले की ते थांबून तिची चौकशी करतात. तिला मात्र मान वर करवत नाही. लांबून दिसले तर ती आधीच वळते.