अंगणातली तांब्याची तार

सकवारअक्काला कानडी मुलखातल्या आमच्या गवीपुरात आधी सगळे मुखदुर्बळ म्हणत, आणि पुढं त्याच लोकांनी तिला काळ्या जिभेची ठरवलं. दोन्ही खोटं. ती बोलत होती, ऐकणारे बहिरे होते.

तिचा नवरा व्यंकोजी एका सिनेमा थिएटरात वायरमन. बासष्टच्या सुमारास थिएटरवाल्यांनी गच्चीवर थंड हवेचं मोठं यंत्र बसवलं. यंत्राच्या पत्र्यावरच एक प्लग दिला होता, दुरुस्तीच्या वेळी हातदिवा नाहीतर ड्रिल लावायला. यंत्राचा मेन स्विच बंद केला तरी त्या प्लगात वीज असे, नाहीतर दिवा कसा लागणार? प्लगावर पावसापासून झाकण होतं. शिवाय यंत्रापासून खाली जमिनीत गाडलेली जाड तांब्याची तार होती. वीज चुकून पत्र्यात उतरलीच, तर ती तारेनं जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये.

व्यंकोजीनं झाकण लवकरच तोडून टाकलं. पिन न लावता उघड्या वायरी प्लगात घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायच्या, ही त्याची पद्धत. झाकण मध्ये यायचं. तांब्याची तार तर त्यानं कापून घरीच आणली. "हिच्याविना दिवा लागतोय की," म्हणाला, आणि अंगणात दोन खांबांना बांधून टाकली, कपडे वाळत घालायला.

तार हिरवी पडली. त्याच्या सदऱ्यांना डाग पडू लागले, आणि त्या डागांपायी सकवारअक्कानं शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. मग ती देवाच्या भांड्यांबरोबर तारही चिंचेनं घासू लागली.

थिएटराची गच्ची झाडायचं आणि यंत्र पुसायचं काम तिच्याकडेच होतं. ती अनवाणीच असे. एका पावसाळ्यात ती घाबरून नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या मिशिनीचं लोखंड चावतंय बघा. ओलं फडकं लावलं की हात झिणझिणतोय. स्वल्प बघा की वर येऊन."

व्यंकोजीनं ते मॅनेजर जयसिंगरावांना मुद्दाम हसवायला सांगितलं. मग दोघांनी तिला वर नेलं. रबरी चपला घातलेला व्यंकोजी पत्र्यावर पंजा ठेवून उभा राहिला.

"कुठं चावतंय गे? माणूस वळखून चावतंय काय ते?"

जयसिंगराव पोट धरून हसले. तेव्हापासून थिएटरात कुणी तिला पाहिलं की खोटंखोटं किंचाळून हात झटकत असे.

यंत्राखाली हादरे बसू नयेत म्हणून रबराचे ठोकळे होते. तार गेल्यावर विजेला जमिनीकडे जायला एकच वाट राहिली होती, ती म्हणजे सकवारअक्काचे पाय. हे व्यंकोजीला कळायला नको? वायरमन होता तो, हलवाई नव्हता.

काम सोडायची सोय नव्हती, मार खावा लागला असता. म्हणून ती बांबूच्या दांड्याचा खराटा घेऊन यंत्र लांबूनच झाडू लागली. बांबूतून ते चावत नसे. मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन दिवा लावी आणि त्या लोखंडापासून मला वाचव म्हणून विनवी. नवऱ्याला उदंड आयुष्य दे, हेही मागे, पण ते सवयीनं.

आयुधपूजेच्या दिवशी यंत्र बादल्यांनी धुतलं. मेन स्विच बंद करून त्याला झेंडूची माळ घातली, कारण त्या दिवशी हत्यारांना आणि यंत्रांना विश्रांती. पूजा आहे म्हणून सगळ्यांनी चपला जिन्याखाली काढल्या. व्यंकोजीनंही काढल्या. काड्या ठोकून ठोकून खिळखिळा झालेल्या, बिनझाकणाच्या प्लगात पाणी शिरलं होतं, आणि मेन बंद असला तरी त्या प्लगात वीज होतीच.

"लाव कुंकू," व्यंकोजी सगळ्यांसमोर बायकोला म्हणाला.

"मी नाही लावणार. आज ते कुणाला तरी खाईल."

लोक हसले. व्यंकोजीला तेच हवं होतं. "मेन बंद आहे गे! मेलेलं जनावर चावतंय काय?" असं म्हणून त्यानं दोन्ही हात कुंकवाच्या पाण्यात बुडवले आणि तळवे पत्र्यावर थापले.

हात सुटेनात. तोंड उघडं, आवाज नाही. जयसिंगरावांना वाटलं, बायकोची नक्कल करतोय. ते टाळ्या वाजवून हसले.

सकवारअक्कानं कोपऱ्यातला खराटा ओढला आणि दांड्यानं त्याच्या हातांवर घाव घातले, तो कोसळेपर्यंत. तोवर तो गेला होता.

करावे तसे भरावे म्हणतात. इथं केलं एकानं आणि भरलं दुसरीनंच. व्यंकोजीची आई सोयराबाई मयताशेजारी बसून ओरडत होती, "पूजेच्या दिवशी नवऱ्याला झाडूनं मारलं हिनं! खाईल म्हणाली आणि खाल्लं की हो!" मेन स्विच तर बंद होता, माळ घातलेला सगळ्यांनी पाहिला होता. मग मारलं कुणी? सकवारअक्काच्या जिभेनं. आख्ख्या गल्लीला ते पटलं. जयसिंगरावांनी तिला कामावरून काढलं, आणि यंत्रापुढं मात्र कोहळा फोडून त्याची शांत केली. मला व्यंकोजीची कीव येत नाही. त्या कोहळ्याचा मात्र अजून संताप येतो.

तेरावं झाल्यावर नवा वायरमन कल्लाप्पा दारात आला. "अक्का, मिशिनीची जमिनीत जाणारी तांब्याची तार नाही जागेवर. अण्णांनी कुठं ठेवली काय? ती असती तर अण्णा वाचले असते."

सकवारअक्कानं अंगणात पाहिलं. चिंचेनं घासलेली तार उन्हात चकचकत होती. तिच्यावर व्यंकोजीचा सदरा वाळत होता. तिनं सदरा काढून खांद्यावर टाकला, दोन्ही खांबांच्या गाठी सोडल्या आणि तार त्याच्या हातात दिली.

"सरी अक्का," म्हणून कल्लाप्पानं तार गुंडाळली आणि निघून गेला.

सोयराबाई ओसरीवरच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दोन रिकाम्या खांबांकडे बोट दाखवलं.

"आता कपडे कुठं वाळत घालणार गे, अवदसे?" ती म्हणाली.