मास्तरांची सुटणारी बाही

मास्तर समुद्री चाचा झाले ते मापाच्या एका चुकीमुळे. एरवी त्यांच्यात चाच्याचं काहीच नव्हतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि तयार कपड्यांच्या दुकानांनी ते जवळजवळ बंदच पाडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी धक्क्यावरच्या लाँचवाल्यांच्या डोक्यात आलं की घरच्या मंडळींसाठी, विशेषतः पोराबाळांसाठी, खाडीत तासाभराची सहल काढायची आणि मध्येच लाँचवर चाच्यांच्या सरदाराचा हल्ला घडवायचा. सरदाराचा कोट शिवायचं काम मास्तरांकडे आलं. तांबडं मखमली कापड आलं, सोनेरी झालर आली, पितळी बटणं आली. माप तेवढं आलं नाही.

आता फोन करून विचारायला काय झालं होतं? पण मास्तरांना अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे घाम फुटायचा. दोन दिवस ते फोनकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभं राहून स्वतःच्याच मापानं कोट बेतला. मास्तरांची उंची पाच फूट एक इंच, छाती बत्तीस, खांदे उतरते. ठरलेला चाचा निघाला व्यायामशाळेतला गडी, छाती चव्वेचाळीस. त्याचा हात बाहीत दंडापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. तिघांनी ओढून काढला. बाहेर पहिल्या फेरीची चाळीस पोरं धक्का डोक्यावर घेत होती. सारंगानं, म्हणजे लाँच चालवणाऱ्यानं, कोटाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, कोट तुमचाच दिसतोय. घाला."

नाही म्हणायचं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी कोट घातला, मिशी चिकटवली, दोरीच्या शिडीनं लाँचवर चढले आणि चाळीस पोरांसमोर उभं राहून म्हणाले, "कृपया हात वर करा."

बायकोनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तिचा आवाज खणखणीत. गच्चीवरून हाक मारली तर कोपऱ्यावरचा दुकानदार 'काय वहिनी?' म्हणून बाहेर यायचा. तिनं मास्तरांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि तीन दिवस डरकाळी शिकवली. "अहो, पोटातून! पोटातून काढा! दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त मागताय का?" तिसऱ्या दिवशी शेजारचे काका दार वाजवून घरात सगळं ठीक आहे ना ते विचारून गेले, तेव्हा तिनं शिकवणी बंद केली.

तेव्हापासून रोज तीन फेऱ्या. अकराची, दोनची आणि चारची. मास्तर एका छोट्या होडीत दबा धरून बसायचे, लाँच वळणावर आली की चढायचे. सारंग भोंग्यावरून सूचना द्यायचा. त्याचा आवाज कधी वर गेला नाही की खाली आला नाही. "लक्ष द्या. उजव्या बाजूला स्वच्छतागृह आहे. डाव्या बाजूने चाचा येत आहे." मग मास्तरांची डरकाळी, पोरांच्या पाण्याच्या बंदुका, झटापट. एखादं धीट पोर पुढे येऊन मास्तरांची बाही ओढायचं आणि ती टर्रर्र करून अख्खी हातात यायची. इथं सगळी लाँच हसून लोटपोट व्हायची. मग मास्तरांना डोलकाठीला बांधायचं. पोरांना गाठ कुठली येते? दोरीची दोन्ही टोकं मास्तर स्वतःच पाठीमागे मुठीत धरून उभे राहायचे आणि "सोडा, सोडा" म्हणून गयावया करायचे. शेवटी चाच्याला पाण्यात ढकलायचं का यावर हात वर करून मतदान. अकरा वर्षांत एकदाही निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला नव्हता. फळीवरून पाण्यात धप्प! आतून तरंगजाकीट असायचं. ते होडीतून मागे निघून जायचे आणि पोरं खाऊची पेटी उघडायची.

बाहीचं तेवढं मास्तरांना लागायचं. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं ती खरोखरच उसवली होती, आणि पोरं इतकी हसली की सारंग म्हणाला, हे रोज पाहिजे. ज्या माणसाबद्दल गल्लीत म्हणायचे की मास्तरांचं कापड विरेल पण टीप सुटणार नाही, त्याची बाही दिवसातून तीनदा सुटणार! दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. मग त्यांनी खांद्याला आणि बाहीला वेल्क्रोची पट्टी लावली, दाबली की चिकटणारी, ओढली की सुटणारी. काम चोख झालं होतं, पण ते काम आपलं म्हणून सांगावंसं त्यांना कधी वाटलं नाही.

आणि म्हणूनच नातीशी खोटं बोलणं सुरू झालं. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी, तिची ही एकुलती एक. दर रविवारी संध्याकाळी फोन. नात चार वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "आजोबा, आज कोण जिंकलं?" मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यातून आपोआप "मीच" असं बाहेर पडलं. तिनं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की परत मागे फिरायची सोय राहिली नाही. मग खोट्याला पाय फुटले. एका रविवारी दोन जहाजं बुडाली, पुढच्या रविवारी तीन. एकदा मास्तरांनी एका राजाला कैद केलं आणि त्याच्याकडून त्याचेच कपडे शिवून घेतले. ज्या माणसाला अनोळखी फोन लावायला दोन दिवस लागायचे, तो नातीच्या फोनवर पाऊण पाऊण तास बोलायचा. बायको समोर बसून भाजी निवडता निवडता नवऱ्याकडे नुसती बघायची.

नात सहा वर्षांची झाली आणि सुट्टीत राहायला यायची ठरली. मुलगी फोनवर म्हणाली, "शनिवारी अकराच्या फेरीची तिकिटं काढलीत. कधीपासून मागे लागली आहे."

मास्तर हबकले. नात डोळ्यांदेखत बघणार की आपला आजोबा हरतो, बाही फाटते, दोरीनं बांधलं की रडतो आणि कुणीतरी ढकललं की पाण्यात पडतो. मग रविवारी फोनवर कोण विचारणार? तो पाऊण तास गेला की मास्तरांच्या आठवड्यात उरत होतं काय? ते सारंगाकडे गेले.

"एकच फेरी. एकदाच जिंकू द्या मला."

"चाचा जिंकला तर खाऊची पेटी कोण उघडणार?" सारंग म्हणाला आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकायचं नाही असं ठरवलं. शनिवारी सकाळी मुलगी आणि नात न्याहारी करत होत्या तेव्हा ते आतल्या खोलीत बसले, कोटाच्या उजव्या बाहीची वेल्क्रोची पट्टी उसवून काढली आणि मेण लावलेल्या दुहेरी धाग्यानं बाही शिवून टाकली. एकदा शिवली, मन भरलं नाही, परत एकदा वरून टीप मारली. बायकोनं दारातून पाहिलं.

"अहो, बाही का शिवताय?"

"सैल झाली होती," मास्तर म्हणाले. जाताना तिच्या हातून दार जरा जोरात लागलं.

अकराची फेरी भरून निघाली. "डाव्या बाजूने चाचा येत आहे," सारंगानं सांगितलं आणि मास्तर असे चढले की शिडी करकरली. नात पुढच्याच बाकावर होती, आईच्या शेजारी, हातात हिरवी बंदूक. तिच्याकडे बघून मास्तरांनी डरकाळी फोडली. पोरांनी पाणी मारलं, मास्तर चुकवत राहिले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते डोलकाठीभोवती असे गरागरा फिरले की आईबापांनी टाळ्या वाजवल्या. एका धीट मुलीनं येऊन बाही ओढली. बाही हलली नाही. तिनं पाय रोवून ओढली. बाही ढिम्म! मास्तर छाती पुढे काढून हसले, खाऊच्या पेटीवर जाऊन बसले आणि पायावर पाय टाकला.

बंदुकांमधलं पाणी संपलं. मागच्या बाकावरचा एक चष्मेवाला मुलगा बारीक आवाजात रडायला लागला, ते बघून त्याची बहीण, ते बघून त्यांच्या पुढची जुळी. एका मिनिटात अर्धी लाँच गळा काढून रडत होती.

"लक्ष द्या," भोंगा म्हणाला. "चाचा थोड्याच वेळात हरणार आहे. प्रवाशांनी धीर धरावा." मग जरा थांबून, "मास्तर, धक्का दहा मिनिटांवर आला."

मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांचं लक्ष एकाच चेहऱ्याकडे होतं, आणि तो चेहरा रडत नव्हता, पण चांगलाच पडला होता. नात उठली आणि पेटीपाशी आली. मास्तर वाकून हळूच म्हणाले, "बघितलंस ना? जिंकलो."

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही पडत का नाही?"

"अं?"

"पाण्यात. धप्प करून. आईकडे व्हिडिओ आहे ना, कुणीतरी काढलेला. मी रोज जेवताना बघते. बाही सुटते तिथं मी दोनदा बघते. वर्गात सगळ्यांना सांगितलंय मी, माझ्या आजोबांना रोज तीनदा समुद्रात फेकतात आणि ते तीनदा परत येतात."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेक एकदम खाडीचं पाणी बघायला लागली.

"मग फोनवर... ती जहाजं मी बुडवतो ते..."

"ते खोटं असतं, माहितीये मला," नात समजुतीनं म्हणाली. "पण तुम्ही किती मजेत सांगता! आई म्हणाली, त्यांना सांगू दे, तू मोडू नकोस. म्हणून मी विचारते दर वेळी, कोण जिंकलं."

मास्तरांचे कान तापले. दोन वर्षं आपण हिला सांभाळतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ही चिमुरडी त्यांना सांभाळत होती! लाज वाटली, खूप वाटली. पण त्या लाजेमागून एवढं हलकं वाटलं की त्यांना तिथेच पेटीवर बसून मोठ्यानं हसावंसं वाटलं. हरण्यापायी त्यांनी जन्मभर तोंड लपवलं होतं, आणि ते बघायला ही पोर एवढ्या लांबून आली होती.

ते उठले, उजवा हात पुढे केला. "ओढ," ते म्हणाले.

नातीनं ओढली. बाही जागची हलली नाही. मेणाचा दुहेरी धागा, वर दुसरी टीप; मास्तरांच्या शिलाईला काय झालंय? "आज फार घट्ट आहे गं," मास्तर अपराधी चेहऱ्यानं पुटपुटले. मग नातीनं हाक दिली, आणि ती हाक खणखणीत होती, थेट आजीकडून आलेली: "सगळे या! ओढा!"

रडं थांबलं. चष्मेवाला आला, जुळी आली, सगळीच आली. अर्धी उजव्या बाहीला लोंबकळली, अर्धी डाव्या. अकरा वर्षं खारं पाणी प्यालेल्या त्या मखमलीनं एक आवाज काढला आणि कोट पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत उभा फाटला. बाह्या दोन्ही शाबूत, टाका एक सुटला नाही, कोटाचे मात्र दोन कोट झाले. मध्ये मास्तर उभे, अंगात नारिंगी तरंगजाकीट आणि खाली घरची पट्ट्यापट्ट्यांची विजार.

अशी हसली लाँच, की सारंगही चाक सोडून खिडकीतून डोकावला. बांधायला वेळच नव्हता. थेट मतदान झालं. नातीनं दोन्ही हात वर केले. फळीच्या टोकावर मास्तरांनी मागे वळून पोटातून, अगदी तळातून, अशी डरकाळी फोडली की धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले. मग धप्प! वर आले तेव्हा कानातलं पाणी निथळताना त्यांना नातीचा आवाज आला. ती कठड्याला धरून साऱ्या लाँचला सांगत होती, "ते माझे आजोबा आहेत! ते दोन वाजता परत पडणार आहेत!"

दोनच्या फेरीला कोट हवा होता. धक्क्यावरच्या सामानाच्या खोलीत मास्तर टॉवेल गुंडाळून बसले, कोटाची पाठ जोडली आणि मग उजवी बाही उसवायला घेतली. स्वतःचे टाके उसवायला त्यांना वीस मिनिटं लागली. नात टाचण्यांची डबी धरून समोर बसली होती. वेल्क्रोची पट्टी नीट बसली तेव्हा तिनं ती एकदा ओढून पाहिली. टर्रर्र.

"आता बरोबर," ती म्हणाली.

मास्तरांनी दात लावून धागा तोडला आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "मग... तू घरी गेल्यावर रविवारी फोनवर काय सांगू?"

"जिंकलात म्हणून सांगा."

"किती जहाजं बुडवली म्हणू? पाच?"

नातीनं जरा विचार केला. "सहा," ती म्हणाली.