दोन कानांमधलं डोकं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर यादव खैरनार राहतात. सगळे त्यांना यादवकाका म्हणतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं तयार माल तपासण्याचं काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर ते इथे गंगापूर रोडला राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा आठ मिलिमीटर उंच आहे, असं त्यांनी बिल्डरला लेखी कळवलं. पायरी आहे तशीच आहे. काका अजून पत्रं पाठवतात.

माझं काम ऐकून टाइप करण्याचं. एक संस्था पेठ तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करते आणि मी त्या शब्दन्‌शब्द उतरवते. लोकांचं घरातलं, मनातलं बोलणं असतं ते. म्हणून स्पीकरवर लावायचं नाही, हेडफोनवरच ऐकायचं, अशी अट होती. त्यात प्रत्येकाला वेगळा माइक. विचारणाऱ्याचा आवाज फक्त डाव्या कानात, सांगणाऱ्याचा फक्त उजव्या. दिवसभर दोन माणसं दोन्हीकडून कानाला तोंड लावून बोलत असल्यासारखं वाटायचं. दुपार झाली की मान आखडायची, मळमळायचं. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले. काही निघालं नाही. हे काम सोडायचं, असं मी जवळपास ठरवलं होतं.

एकदा खाली बाकावर मान चोळत बसले होते, तेव्हा काका शेजारी येऊन बसले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी माझ्या उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली.

"डाव्या कानाला ऐकू आली?"

"आली की."

"कशी आली?"

काकाच म्हणाले, "जरा उशिरा आली, थोडी हळू आली आणि तिची धार गेली. कारण मध्ये तुझं डोकं आहे. जगातला प्रत्येक आवाज दोन्ही कानांना असाच मिळतो. तुझा हेडफोन नेमकं तेच करत नाही. डावीकडचं उजवीकडे जाऊच देत नाही. मेंदू बिचारा गोंधळेल नाहीतर काय!"

दुसऱ्या दिवशी ते माप घ्यायला आले. कारखान्यातून निरोपाला मिळालेला मोठा व्हर्निअर कॅलिपर त्यांनी माझ्या डोक्याला लावला. त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू दारातून ओरडल्या, "अहो, पोरीचं डोकं आहे ते, नट-बोल्ट नाही!" काकांनी आकडा वहीत लिहिला आणि सांगितलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायला आवाजाला लागणारा जास्तीचा वेळ म्हणजे सेकंदाचे दीड हजार भाग केले तर त्यातला जेमतेम एक.

आठवड्याभरात साबणाच्या डबीत बसवलेलं एक यंत्र माझ्या टेबलावर आलं. आत थोडे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर. डावीकडचा थोडा आवाज उजवीकडे, उजवीकडचा थोडा डावीकडे, पण उशिरा आणि बोथट करून. मी ऐकलं. सगळं रजईखालून आल्यासारखं वाटलं. तरी मी म्हटलं, "छान आहे, काका."

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "माल नापास झाला तर नापास म्हणायचं. मी आयुष्यभर तेच केलंय. आणि ऐक, यंत्रांच्या आवाजाने माझे कान गेलेत. कुकरची शिट्टीसुद्धा मला धड ऐकू येत नाही. तू खरं सांगितलं नाहीस तर मी जुळवणार कशावरून?"

मला फार लाज वाटली. त्यानंतर मात्र मी एक शब्द लपवला नाही. तीन रविवार सकाळी आम्ही बसलो. टेबलावर दोन लहान स्पीकर ठेवून काकूंनी वाचलेली बातमी लावायची, मी डोळे मिटून ऐकायचं, मग तीच हेडफोनवर. "अजून दबलेलं वाटतंय." "आता परत कानात घुसलं." काका न कुरकुरता डबी उघडायचे, तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायचे, पुन्हा बंद करायचे.

तिसऱ्या रविवारी काकूंचा आवाज माझ्या कानातून निघाला आणि कपाळाच्या पुढे येऊन थांबला. स्पीकर होते तितका लांब नाही, वीतभरच. पण बाहेर. मी डोळे उघडले तर काका माझ्याकडे टक लावून बघत होते.

"पास?"

"पास, काका."

"खोली नाही आणता आली गं यात. भिंतींवरून परत येणारा आवाज या डबीच्या आवाक्यातला नाही," ते म्हणाले. पण खूश होते.

सोमवारी मी पेठकडच्या लंकाबाईंची मुलाखत लावली. संध्याकाळी घड्याळ बघितलं तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात मानेला एकदाही हात लावला नाही. काम सुटलं नाही. दोन वर्षांत दीडशेच्या वर मुलाखती झाल्या. ज्या माणसांना मी कधी भेटले नाही त्यांचं बोलणं मला मिळालं, ते काकांमुळे. पैसे द्यायला गेले तर ते रागावले. म्हणून मी दुसरं काही करायचं ठरवलं.

संस्थेला विचारून लंकाबाईंना फोन केला. ज्यांनी मला तुमचं बोलणं नीट ऐकवलं त्यांना ते ऐकवू का, असं विचारलं.

"मंग ऐकवा की," त्या म्हणाल्या. "म्या काय चोरून बोलले का?"

काका आले, खुर्चीत ताठ बसले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला, आवाज थोडा वाढवला. लंकाबाई नागलीच्या शेताबद्दल, नदीपलीकडच्या माहेराबद्दल, गेलेल्या बहिणीबद्दल सांगत होत्या. चाळीस मिनिटं काका जागचे हलले नाहीत. मध्येच मान डोलवायचे, एकदा "हो ना" म्हणाले, जणू बाई उत्तराची वाट बघत होती.

संपल्यावर त्यांनी लगेच हेडफोन काढला नाही. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून हात जोडले आणि मग मला म्हणाले, "पाणी तरी विचारायला हवं होतं गं त्यांना."